कोऱ्या पानावरच्या सह्या

आमच्या गावात सह्या आधी होतात आणि लिहिणं मागाहून. बचत गटाची बैठक असो, शाळेच्या समितीची असो नाहीतर ग्रामसभा असो, वही फिरते, बाया खाली ओळीने सह्या करतात आणि घराकडे पळतात. कुणाची म्हैस यायची वेळ झालेली असते, कुणाचं चुलीवर ठेवलेलं असतं. वरचं अर्धं पान कोरंच. त्यावर काय ठरलं ते सचिवाने सवडीने लिहायचं. सचिव मी. बारावी झालेली सून गावात आली की वही तिच्या गळ्यात पडतेच. आठ वर्षं मी लिहिते आहे आणि एकदाही कुणी म्हणालं नाही की बाई, वर काय लिहिलंस ते वाचून दाखव. विश्वास म्हणा, नाहीतर कंटाळा म्हणा.

असल्याच एका पानाने माझ्या काकीचं नाव घालवलं. ते तिला परत मिळवून देणं माझ्या एकटीच्या हातात होतं. एका वाक्याचं काम होतं, 'वही मी दिली' एवढंच. ते वाक्य मी जवळपास दोन वर्षं गिळून बसले. ते कसं, ते लिहायला बसले आहे. लिहून बरं वाटेल असं कुणीतरी सांगितलं होतं, तसलं काही होत नाहीये.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याची काकी. आमचं गाव चौक आणि कर्जतच्या मधे, डोंगराच्या अगदी पायाशी. आमची दोन घरं एका भिंतीची, अंगण एकच. काका मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते. एक मुलगी, ती साजगावला दिलेली. काकी एकटी राहायची, दोन खाचरं स्वतः कसायची आणि उरल्या वेळात सगळ्या गावाची उठाठेव करायची. आवाज असा की ओट्यावरून मला 'चा टाक गं' म्हणाली की पलीकडच्या आळीतही कुणीतरी आधण ठेवत असेल. तोंडाने फटकळ. पहिल्या वर्षी माझी तांदळाची भाकरी बघून म्हणाली, "नकाशा चांगला काडलास. आता भाकर कर." मी मोरीत जाऊन रडले. दुपारी तीच आली, शेजारी बसली आणि पीठ कसं मळायचं, हात कुठे ओला करायचा ते दाखवलं. पुढे मी तिला सही शिकवली. तोवर ती अंगठा द्यायची. सही आल्यावर मात्र तिला दम नव्हता, जिथे तिथे पहिली सही तिचीच. अक्षरं एवढी मोठी की खाली दोन ओळी खायची.

गावामागच्या डोंगरावर दगडाची खदान सुरू झाली त्याला आता चार वर्षं होतील. आधी लहान होती, मग मोठी यंत्रं आली आणि दुपारचे सुरुंग लागायला लागले. मांडणीवरची भांडी थरथरायची. आमच्या सामाईक भिंतीला बोट जाईल एवढी चीर गेली. लोंब्यांवर पांढरी भुकटी बसायची. हे सगळं गावाने चालवून घेतलं. पण डोंगराच्या पोटातून एक झरा येतो. नळ आले तरी उन्हाळ्यात आम्ही त्याचंच पाणी भरतो. तो आधी गढूळ झाला, मग त्याची धार करंगळीएवढी राहिली. तेव्हा काकी उठली.

आमच्याकडे सरपंच बाई आहेत, त्या सहीपुरत्या. कारभार त्यांचा नवरा बघतो आणि गाव त्यालाच सरपंच म्हणतं, म्हणून मीही तसंच लिहिते. खदानीवर त्याचे डंपर लागलेले. त्यामुळे पुरुष माणसं त्याच्यापुढे ब्र काढत नव्हती. काकीने बायांना गाठलं, आणि तेही कसं, तर म्हणाली, "मोर्चा-बिर्चा आपल्याला जमायचा नाय. आपलं काम घेऊन बसू." दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवीसएक बाया सुपं घेऊन खदानीच्या रस्त्यावर बसल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या. घोषणा नाही, फलक नाही. नुसता सुपांचा आवाज आणि कोंडा उडतोय. डंपरवाल्यांनी हॉर्न वाजवून बघितला. मग हवालदार आला. काकी मान वर न करता म्हणाली, "सायब, आमी तांदूळ पाखडतोय. तुमाला घाई आसंल तर वरनं जा."

तो हसला, काय करणार. दहा-बारा दिवस डंपर अडले. पिठाच्या गिरणीवाली काकीच्या उजव्या हाताला बसायची. ती काकीची जिवाची मैत्रीण. सकाळचं दळण उरकून, केसांत पीठ तसंच ठेवून यायची. काकी तिला म्हणायची, "म्हातारी व्हायची घाई झाली गं तुला," आणि ती म्हणायची, "तुज्या आदी नाय व्हायची." त्या दिवसांत दोघींकडे बघून मला वाटायचं, ह्या बाया डोंगरही उचलून बाजूला ठेवतील. मीही बसायचे, पण कडेला, कारण कोण कोण आलं ते मला टिपून ठेवायचं होतं.

शेवटी तालुक्याचे साहेब आले आणि म्हणाले, असं रस्त्यात बसून काही व्हायचं नाही. खदानीची परवानगी वाढवायची तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. तुमची महिला ग्रामसभा होते ना, तिथे विरोधाचा ठराव करा, सगळ्या बायांच्या सह्या घ्या, तो कागद कामाला येईल. काकीला ते पटलं. बचत गटाची अध्यक्ष तीच आणि महिला ग्रामसभाही तीच चालवायची. वही तिच्या ट्रंकेत राहायची, मी लिहायचे तेही तिच्याच ओट्यावर बसून, हे गावाला माहीत होतं.

ग्रामसभा ठरली तेव्हा भात कापून शेतात आडवं पडलेलं होतं. सभा सुरू झाली आणि डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलं. अवकाळी. कापलेलं भात भिजलं म्हणजे वर्षाचं गेलं. बायांचे डोळे वहीकडे नव्हतेच, दाराबाहेर होते. काकीने उभं राहून एवढंच विचारलं, "खदान नको, हे समद्यांना मान्य हाय ना?" सगळ्यांनी हात वर केले. काकी म्हणाली, "मग सह्या करा आन पळा." पहिली सही तिने केली, मोठ्या अक्षरांत. मग सगळ्यांनी भराभर केल्या, काहींनी अंगठे दिले आणि पाच मिनिटांत देवळाचा मंडप रिकामा झाला. वर पान कोरं. मी काकीला म्हटलं, वही घरी नेते, संध्याकाळी शांतपणे लिहिते. ती शेताकडे धावता धावता म्हणाली, "ने."

आम्ही भारे उचलून पडवीत आणले, निम्मे भिजलेच. मी ओल्या अंगाने अंगणात उभी असताना सरपंच आला. गोड बोलायला त्याला शिकवावं लागत नाही. म्हणाला, "वहिनी, कशाला त्रास घेता? वही द्या, ग्रामसेवक लिहून काढतील. सकाळी परत देतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुमचं अंगणवाडीचं बघतोय मी. दाखला काढून ठेवलाय."

अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. दाखला पंचायतीकडून लागणार होता. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथे सांगते: त्याचं बोलणं माझ्या नीट लक्षात आलं होतं. मी अडाणी नव्हते. त्याचे डंपर खदानीवर आहेत आणि तो खदानीविरुद्धच्या ठरावाची कोरी वही मागतोय, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मी मनाला सांगितलं, ग्रामसेवकच लिहिणार आहेत, सरकारी माणूस आहे, काय होतंय. आणि दिली. कुणी हात पिरगाळला नव्हता.

सकाळी वही परत आली, ती मी न उघडताच काकीच्या ट्रंकेत ठेवून दिली. पानावर काय लिहिलं गेलं ते महिनाभराने कळलं. 'खदानीस सर्व महिलांची हरकत नाही.' खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या. त्याची छापील प्रत पंचायतीच्या फळ्यावर लागली. पहिलं नाव काकीचं.

बाया फळ्यापुढे जमल्या. पान कोरं होतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, सह्या त्यांनीच केल्या होत्या. प्रश्न एकच होता, वही त्याच्या हातात गेली कशी? वही काकीच्या ट्रंकेत राहते. आणि नेमका त्याच महिन्यात काकीच्या जावयाला खदानीवर डंपर चालवायचं काम मिळालं होतं. साजगावच्या कारखान्यातलं त्याचं कंत्राट संपलं होतं, सरपंचाने आपणहून बोलावून घेतलं. काकीने मुलीला नको म्हणून सांगितलं होतं, जावयाने ऐकलं नाही. पण हे गावाला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

नळावर गिरणीवालीने तिला सगळ्यांदेखत गाठलं. मी तिथेच होते, माझी घागर भरत होती. ती म्हणाली, "आमाला रस्त्यावर बसवलंस आन वही तिकडं पोचती केलीस. जावयाचा डंपर गोड लागला व्हय गं तुला? तुज्यापेक्षा तो सरपंच बरा, तो तोंडावर तरी चोर हाय."

काकीला बोलण्यात हरवणारं माणूस मी पाहिलं नाही. त्या दिवशी तिने हातातली घागर खाली ठेवली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आता ही बोलेल, अशा खात्रीने बघितलं. मी घागर उचलली आणि घरी आले. पाणी अर्धंच भरलं होतं.

ती मागोमाग आली. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "घाबरलीस?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं, दाखल्याचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. शिव्या घालेल वाटलं होतं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "झालं ते झालं. समद्या बायांपुढं उभी रा आन सांग, वही मी दिली. येवडंच. दाखल्याचं नको सांगू."

"तुमी सांगा ना काकी," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर सुनेवर ढकललं म्हनतील. तू सांगितलंस तर खरं वाटंल."

मी म्हटलं, सांगते. खरंच सांगणार होते. आधी म्हटलं, भात झोडून होऊ दे, बाया मोकळ्या होऊ देत. मग नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गप बस, आत्ता कुठे नोकरीचं जमतंय. त्याचा कारखाना साजगावलाच, त्यालाही कंत्राट संपण्याची धास्ती. मग माझी नेमणूक झाली. आता तर तोंड उघडणं आणखी अवघड झालं. वही दिलीस आणि अंगणवाडी घेतलीस, असं म्हणायला कुणाला वेळ लागला असता? आणि त्यात खोटं तरी काय होतं? पोरं माझ्याकडे पाठवतात त्या बाया. रोज सकाळी 'बाई' म्हणून हाक मारतात. ती हाक मला सोडवेना.

काकी रोज विचारायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी, धान्य निवडता निवडता, सहज विचारल्यासारखं म्हणायची, "सांगितलंस गं?" मी म्हणायचे, "सांगते काकी." ती म्हणायची, "बरं." रस्त्यावर सुपं घेऊन बसायला तिने पुन्हा बोलावलं तेव्हा एकही बाई आली नाही. ती एकटीच तीन दिवस बसली. डंपर तिच्या बाजूने, चाक रस्त्याखाली उतरवून जात राहिले. एक डंपर तिचा जावई चालवत होता.

तरी ती थांबली नाही. कुणाकुणाला विचारत, कागद गोळा करत तिने कर्जतला मोठ्या साहेबांपुढे तक्रार टाकली. सुनावणीला मला घेऊन गेली. एस.टी.त बसल्यावर मी तोंडातल्या तोंडात तेच वाक्य घोकत होते. ती मात्र खिडकीतून खाचरं बघत, ह्याचं भात बरं हाय, त्याचं गेलं, असं बोलत होती. साहेबांच्या खोलीत आम्ही दोघी, साहेब आणि एक लिहिणारी बाई. मी तिथे सांगितलं. सह्या झाल्या तेव्हा पान कोरं होतं आणि वही मी सरपंचांकडे दिली. लिहिणाऱ्या बाईने ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, मग माझी सही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिण्याच्या नंतर सही केली.

बाहेर आल्यावर काकीने मला वडापाव खायला घातला. फार खुशीत होती. म्हणाली, "येवडंच होतं ना? मेलीस का? नाय मेलीस." मग पदराला हात पुसत म्हणाली, "कागदाला सांगितलंस. आता बायांना सांग."

ठराव रद्द झाला आणि खदानीची परवानगी थांबली. एक दिवस दुपार झाली आणि सुरुंग वाजलाच नाही. भांडी मांडणीवर गप्प. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघत होते, आणि वाजला नाही तेव्हा मला रडू आलं. वाटलं, सुटले. खदान बंद पडली म्हणजे सगळंच फिटलं, आता कोण विचारतंय वही कुणी दिली ते.

काकी जिंकली हे गावाला कळलंच नाही. सरपंचाने स्वतःच फलक लावला, 'आमच्या पाठपुराव्याला यश', खाली त्याचा हात जोडलेला फोटो. माझा जबाब त्याच्याही कानावर गेला असणार, पण तो काय बोलणार? त्याला त्याचं पाप झाकायचं होतं, मला माझं. रस्त्यात भेटला की आम्ही एकमेकांना नमस्कार करायचो. बाया म्हणायच्या, बघा, काकीने विकला होता डोंगर, सरपंचाने वाचवला. हे माझ्यासमोर म्हणायच्या. मी पोरांची हजेरी घेत असायचे.

मग महिला दिन आला. पंचायतीने देवळाच्या मंडपात कार्यक्रम ठेवला. मागे मोठा फलक, त्यावर घोड्यावरची राणी, पाठीशी बाळ बांधलेली, आणि पोरींसाठी शाळा काढणारी, अंगावर शेण झेललेली बाई. शाळेतल्या मुलींना तशाच नऊवाऱ्या नेसवल्या होत्या. एकीच्या हातात पुठ्ठ्याची तलवार होती, तिचा चंदेरी कागद सुटत होता आणि ती सारखा तो चिकटवत होती. भाषण माझं. मला म्हणाले होते, बाई, अन्यायाशी लढलेल्या स्त्रियांवर बोला. मी चार दिवस तयारी केली होती. आणि आज तिथेच सांगून टाकायचं असंही ठरवलं होतं. अगदी शेवटी, सगळ्यांसमोर. काकीलाही सकाळी म्हटलं, आज या. ती कधी नव्हे ती इस्त्रीची साडी नेसून आली.

ती मागे चपलांजवळ बसली. तिच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा मोकळी होती. गर्दी असूनही कुणी त्या जागेत बसलं नाही.

मी बोलले. राणीवर बोलले, शाळेवाल्या बाईवर बोलले, झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवणाऱ्या पहाडातल्या बायांवर बोलले. आवाजही चांगला लागला होता. टाळ्या पडत होत्या. शेवटच्या परिच्छेदाला आले, समोर बघितलं, पहिल्या ओळीत गिरणीवाली होती, मांडीवर तिची नात होती. ती नात माझ्या अंगणवाडीत येते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "म्हणून आपण सर्वांनी या थोर स्त्रियांचा आदर्श घ्यावा. एवढं बोलून मी थांबते." सरपंचाने स्वतः माईक घेतला आणि आपल्या बाईंसारख्या धाडसी महिला गावात आहेत म्हणून अभिमान व्यक्त केला. सरपंचबाईंनी मला शाल-नारळ दिला. मी घेतला. वाकून घेतला.

बाहेर काकी चपला शोधत होती. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "चांगलं बोललीस. घसा सुकला आसंल, पानी पी."

त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही. आधी चार-आठ दिवस मी वाट बघितली, मग वाट बघणं सोडलं. आणि मला बरं वाटायला लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. तिने मागणं सोडलं तेव्हा मी मोकळी झाले. आमचं बोलणं बंद झालं नव्हतं. ती चहा मागायची, मी द्यायचे. भाजीत मीठ जास्त झालं की आवाज द्यायची. फक्त धान्य निवडायला ती माझ्याकडे येईनाशी झाली.

भादव्यात तिने अंथरूण धरलं. छातीत कफ, धाप लागायची. आधी खोपोलीच्या दवाखान्यात नेली, मग घरी आणली. मुलगी येऊन राहिली होती. शेवटच्या आठवड्यात मी रोज तिच्याजवळ बसायचे. एका दुपारी मुलगी झोपली होती, आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "काकी, मी सांगते बायांना. उद्याच सांगते." तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "गिरनी चालू हाय का गं? आवाज येत नाय."

मी म्हटलं, "चालू आहे काकी." ती ऐकत पडली. मला वाटलं, ती गिरणीवाली येईल याची वाट बघत होती. मी उठून तिकडे जाऊ शकले असते. दोन आळ्यांचं अंतर. गेले नाही. दोन दिवसांनी ती गेली.

माणूस गेलं की आमच्यात रुसवा धरत नाहीत. दहाव्याला सगळं गाव नदीवर आलं. आमच्याकडे बायाही जातात, जरा मागे उभ्या राहतात. गिरणीवाली आली होती, पण सगळ्यांत मागे. पिंड ठेवला. कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात, नाही शिवला तर घरची माणसं एकेक करून गेलेल्याला शब्द देतात, तुझं अमुक राहिलं असेल ते आम्ही करू. मला रात्रीपासून माहीत होतं, कावळा शिवणार नाही. तिचं काय राहिलंय ते मला एकटीला ठाऊक होतं. मी वाक्य तयार ठेवलं होतं. लोक म्हणतील, बोला, काय राहिलं असेल ते बोला, आणि मी पुढे होऊन बोलेन. मला तेवढा धक्का हवा होता.

पिंड ठेवला आणि माणसं मागे सरली न सरली तोच कावळा आला. झाडावर बसलाही नाही. सरळ उतरला आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, सुटली बाई, काही इच्छा राहिली नव्हती तिची. माणसं चपलांकडे वळायला लागली.

मी तशीच उभी. मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता बोलले नसते तर कधीच बोलले नसते, हे मला तिथे कळलं. मी मोठ्याने म्हटलं, "थांबा जरा." बाया थांबल्या. "त्या ग्रामसभेची वही सरपंचांना मी दिली होती. काकीने नाही. काकीला नंतर कळलं. मला अंगणवाडी पाहिजे होती." एवढंच. आवाज लागला नाही, घोगरा आला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

काकीची मुलगी खाली बसली आणि रडायला लागली. सरपंच पुरुषांत उभा होता, तो पाण्याकडे बघायला लागला. कुणीतरी मला शिवी दिली, हळू, पण दिली. ती लागलीही नाही.

मग गिरणीवाली गर्दीतून पुढे आली. मला वाटलं, मारणार, आणि मारलं असतं तर मी उभीच राहिले असते. ती माझ्यापर्यंत आली. तिच्या केसांत तसंच पीठ होतं, सकाळी दळूनच आली असणार. तिने माझा दंड धरला. घट्ट, पण रागाने नाही. पाण्यात पडणारं माणूस धरतं तसा धरला.

"मंग मी नळावर तिला जे बोलले," ती म्हणाली, "ते आता कुनापाशी जाऊन माघारी घेऊ गं?"

आणि मी उत्तर देईन म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली.